पाव इंचाने कमी

डिसेंबर लागला की डोंबिवलीत थंडी पडते असं म्हणायचं असतं. खरं तर पंखा एकवर येतो आणि सकाळी खाडीकडून जरा धुरकट वारा सुटतो, एवढंच. पण माझं चित्त याच दिवसांत थाऱ्यावर नसतं. यंदा जास्तच. आठ दिवस झाले, मी कपाट उघडते, तुम्ही लीड्सहून पाठवलेले चॉकलेटचे डबे खाली काढते, पुसते, ओळीने लावते आणि परत वर ठेवते. माझ्याकडे कामाला येतात त्या कमलताई काल म्हणाल्या, "आजी, पुसून पुसून रंग जाईल आता त्यांचा. काय हरवलंय का त्यात?"

हरवलं काही नाही. ईशान, तुझा फोन आला होता.

"आजी, आम्ही ख्रिसमसला पाठवतो ते सगळे डबे तू ठेवलेत ना?"

"नऊ आहेत," मी म्हटलं. एकात हिंग, एकात बटणं, एकात औषधांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक झाकणाच्या आत तो कधी आला त्याची चिठ्ठी चिकटवलेली.

"मग प्लीज मोज. मला खात्री आहे, ते दर वर्षी डबा लहान करतायत. आतली चॉकलेटंसुद्धा. आणि चवही बिघडवलीय. मीरा म्हणते मेणबत्ती खाल्ल्यासारखं लागतं."

मागून मीराचा आवाज आला, "मी मेणबत्ती खाल्ली नाहीये, आजी. तशी लागत असेल असं म्हटलं."

"तू मोजून सांग," तू पुढे म्हणालास. "कमी भरलं तर या वर्षापासून आम्ही ते घेणारच नाही. तुलाही नाही पाठवणार. निषेध म्हणजे निषेध. तुझ्याइतकं नीट दुसरं कोण मोजणार?"

ते खरं आहे. मी नीट मोजते. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मोजूनही झालं. उत्तर वहीत लिहून ठेवलंय. ते तुला कळवायला मात्र हात उचलत नाही. कारण साधारण तुझ्याच वयाची असताना मी एकदा एक चॉकलेट मोजलं होतं, आणि त्यानंतर आमच्याकडे डबा यायचा थांबला होता.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी माझ्या वडिलांची, अण्णांची, बदली कल्याणला झाली. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. आमच्या ओळीच्या समोर, मधे एक सामाईक नळ आणि एक मोठी चिंच सोडून, ड्रायव्हर लोकांची ओळ होती. त्यांची घरं मोठी, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. तिथे बहुतेक अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत. बरोब्बर आमच्या समोर राहत ते बर्टी अंकल, डेझी आंटी आणि त्यांची ग्लेंडा. ग्लेंडा माझ्याएवढीच होती. बर्टी अंकल घाटातून गाड्या चढवत आणि घरी आले की तासभर कोणाशी बोलत नसत.

पहिल्या दिवाळीला आईने समोर फराळाचं ताट पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं, लख्ख धुतलेलं आणि रिकामं. आई ते हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. चार दाणे साखरेचे का होईना, घालून देतात. आई म्हणाली, "वर धुऊन पाठवलंय. म्हणजे संपलंच की सगळं." अण्णा हसले आणि त्यांनी ड्यूटीवर बर्टी अंकलना ही रीत सांगितली. कशी सांगितली देव जाणे. कारण त्या ख्रिसमसला डेझी आंटी स्वतः व्हरांडा उतरून, नळ ओलांडून आमच्याकडे आल्या, आणि त्यांच्या हातात पत्र्याचा एक गोल डबा होता. झाकणावर बर्फातला पूल आणि त्यावरून चाललेला लाल कोटातला पोस्टमन. आत तीन थरांत, सोनेरी कागदातली, बोटाच्या आकाराची विलायती चॉकलेटं.

आता डबा आमच्याकडे आला म्हणजे तो रिकामा कसा द्यायचा? तो पुढच्या दिवाळीला बेसनाचे लाडू घेऊन गेला. ख्रिसमसला चॉकलेटं घेऊन परत आला. असा तो चिंचेखालून जात-येत राहिला. पोस्टमनचा कोट एका बाजूने उडाला, पुलावर गंज चढला, पण कोणी डबा बदलला नाही.

चॉकलेटंच का, हेही सांगायला हवं. ड्रायव्हरांच्या ओळीत डिसेंबरात काय काय शिजत असे. व्हरांड्यांना लाल रंग लागे, पडदे धुतले जात, सुरूची एक फांदी बादलीत उभी राही आणि तिच्यावर कागदाच्या साखळ्या चढत. रममध्ये मुरलेल्या मनुकांचा वास नळापर्यंत येई. डेझी आंटी कुलकुल करत, म्हणजे पिठाची लहानशी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की तिच्यावर शंखासारख्या रेघा उठतात, मग तळून साखरेत घोळायची. मी आणि ग्लेंडा टेबलाशी बसून ते करत असू. मी करायची, पण खायची नाही. आईचा नियम होता. त्यांच्या घरात केलेलं आपल्याला चालत नाही, अंडं असतं, भांडी तीच असतात. यंत्राने कागदात गुंडाळलेलं, कोणाचा हात न लागलेलं चालतं. आईला हा नियम करताना फार त्रास झाला असावा, कारण तिला डेझी आंटी मनापासून आवडत. पण नियम म्हणजे नियम, आणि तो आंटींनाही माहीत होता. म्हणून त्या डब्यात फक्त कागदातलं येई.

त्याच टेबलाशी मी इंग्रजी शिकले. शाळेत नव्हे. आंटी वाटाणे सोलता सोलता माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत आणि चुकलं की न बघता दुरुस्त करत. पुढे मी इंग्रजीत बी.ए. केलं, शाळेत शिकवलं, त्या सगळ्याची सुरुवात त्या वाटाण्यांच्या सालांत आहे.

आणि मी नीटनेटकी होते. आता आहे तशीच. दर वर्षी एका चॉकलेटचा सोनेरी कागद नखाने सपाट करून भूगोलाच्या ॲटलासमध्ये ठेवायची. खाली साल लिहायची आणि आतल्या चॉकलेटची लांबी. पहिलं सव्वादोन इंच. पुढची दोन वर्षं दोन इंच. थर तिनाचे दोन झाले आणि तळाशी कुरळ्या कागदाची गादी आली. चव मात्र मला सांगता येत नसे, फक्त तोंडात विरघळायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला होता. हे मी कोणाला बोलले नव्हते. मोठी माणसं बोलतच होती. विलायती माल येत नाही, आला तर जुना येतो, साखर कार्डावर मिळते.

मी अकरा वर्षांची असताना आंटी डबा घेऊन आल्या. आईने खुर्ची पुसून दिली. अण्णा घरी होते. मी डबा उघडला, एक चॉकलेट काढलं आणि कंपासपेटीतून फूटपट्टी आणली. मला दोन गोष्टींचा गर्व होता, माझ्या मोजण्याचा आणि माझ्या इंग्रजीचा. दोन्ही एकदम दाखवायची संधी होती. मी उभी राहून, स्पष्ट उच्चारांत, इंग्रजीत सांगितलं की आंटी, हे गेल्या वर्षीपेक्षा पाव इंचाने कमी आहे.

अण्णांचा कप बशीवर टेकला. आंटींनी माझ्या हातातली पट्टी घेतली, बारीक रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "येस. सो इट इज. गुड गर्ल."

आईला इंग्रजी येत नव्हतं. लेक फाडफाड बोलली या आनंदात तिने विचारलं, "काय म्हणाली हो?"

आंटी म्हणाल्या, "बोलती है, चॉकलेट बहुत अच्छा है, बाई. बहुत बढ़िया है."

आई खूश होऊन हसली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मी फूटपट्टी पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण काही केल्या लागेना.

आता या वयात मी स्वतःशी वाद घालते. चूक काय होतं? चॉकलेट लहान झालं होतं. हात वाढले की हातातली वस्तू लहान दिसते, म्हणून तर पट्टी लावायची. पट्टीला हात वाढल्याचं काही नसतं. मी खोटं बोलले नव्हते. खोटं आंटी बोलल्या होत्या. इथपर्यंत आले की मी उठते, कपाट उघडते, डबे पुसते.

पुढच्या दिवाळीला डबा लाडू आणि चिवड्याची पुडी घेऊन समोर गेला. ख्रिसमस आला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधून बँडची तालीम ऐकू आली, सुरूची फांदी बादलीत उभी राहिली. ख्रिसमस गेला. डबा आला नाही.

दोन दिवसांनी आईने विचार करायला सुरुवात केली. "फराळात काही राहिलं का? चिवड्याला तेलाचा वास आला होता. मी म्हटलं होतं तुम्हाला." अण्णा म्हणाले, "मागवून घे की डबा." त्यावर आई इतकी दचकली की जणू काही त्यांनी भीक मागायला सांगितलं होतं. "डबा मागायचा म्हणजे चॉकलेटं मागितल्यासारखंच झालं. काहीतरी बोलताय." आणि मग परत, "चिवडाच असणार."

मला माहीत होतं, चिवडा नव्हता. मी आंटींकडे वाचायला जाणं बंद केलं. डोकं दुखतंय, अभ्यास आहे, काहीही सांगायची. समोरच्या व्हरांड्यात आंटी उभ्या दिसल्या की मी खिडकीपासून सरकायची. सकाळी नळावर बादली भरायला जायचं ते ग्लेंडा येऊन गेल्यावर. त्या दिवसांत शेतं कापून झालेली असत, यार्डाकडून कोळशाचा धूर थंडीमुळे वर न जाता अंगणातच बसून राही.

एक दिवस ग्लेंडाने नळावर गाठलंच.

"तू क्यों नहीं आती? मम्मी रोज पूछती."

"तुम्ही डबा दिला नाहीत," मी म्हटलं. का म्हटलं कळत नाही. माझीच चूक, आणि मीच तक्रार केली.

ग्लेंडा लाल झाली. "तू नापती ना. पट्टी लेके नापती. तेरी मम्मी का लड्डू भी छोटा हुआ. पहले इतना था," तिने मूठ वळून दाखवली, "अभी इतना," आणि अंगठा व बोट जोडून लिंबाएवढं वर्तुळ केलं. "डॅडी बोला, देखो कितना छोटा. मम्मी बोली, चुप. इस घर में कोई नहीं बोलेगा."

ती बादली घेऊन गेली. माझी भरून वाहत होती.

घरी येऊन मी आईच्या हातांकडे बघितलं. कार्डावरची साखर ती दिवाळीच्या दोन महिने आधीपासून चहातून वाचवायची, हे मला माहीत होतं. लाडू वळताना दर वर्षी मूठ थोडी जास्त आवळायची, हेही मी बघितलं होतं. मोजलं मात्र नव्हतं. आमच्या लाडवाला मी कधी पट्टी लावली नव्हती.

संक्रांत आली. आईने तिळगूळ केला आणि समोर द्यायला बांधला तो वर्तमानपत्राच्या कागदात. मी विचारलं, "वाटीत नाही का घालायचा?" ती म्हणाली, "वाटी दिली की त्यांना भरून द्यायची पंचाईत. नकोच. कागद कसा, टाकून द्यायचा." ती हे रागाने म्हणाली नाही. तिने शेजाऱ्यांना मोकळं केलं होतं. जाणं-येणं संपवण्याची याहून सभ्य पद्धत आपल्याकडे नाही. ते मला त्या वयातही कळलं, आणि पुडी घेऊन मी चिंचेखाली बराच वेळ उभी राहिले.

आंटी स्वयंपाकघरात एकट्या होत्या. मी तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. मटण ठेवायच्या जाळीच्या कपाटावर डबा होता. पोस्टमनचा चेहरा माझ्याकडे. मी बघते आहे हे आंटींनी बघितलं. त्यांनी डबा खाली काढला, उघडला आणि माझ्यासमोर धरला. आत स्वच्छ, कोरडा, रिकामा पत्रा.

त्या इंग्रजीत बोलत होत्या, सावकाश, वाचून घेताना बोलत तशा. बर्टी दोनदा मुंबईच्या बाजारात जाऊन आला. विलायती नाहीच. आहे ते काचेच्या बरणीत, त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखी, साबणाचा वास. मी एक चावून बघितलं आणि उरलेली ग्लेंडालाही दिली नाहीत. मग तुमच्या डब्यात ती कशी घालू? तू मोजतेस.

हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. तू चष्मा लावतेस म्हणावं तसं म्हटलं.

"आणि मी करते ते तुझ्या आईला चालत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "आणि रिकामा तुमच्यात देत नाहीत. ते आता आम्हाला ठाऊक आहे." आणि जरा हसल्या.

तीन आठवडे मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. माफीची, लांबलचक, नीट रचलेली. त्यातलं एकही आलं नाही. मी मराठीतच म्हणाले, "रिकामा दिलात तरी चालेल, आंटी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वळून मोठी बरणी काढली. तिच्या तळाशी ख्रिसमसचे उरलेले कुलकुल होते, बरेचसे तुटलेले, साखरेचा चुरा. त्यांनी बरणी डब्यावर उलटी केली आणि तळाला दोन थापट्या मारल्या. दोन मुठी निघाले असतील. झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. "हे तुझं. वाटेत खा. आईला सांग, डबा रिकामा आहे."

मी वाटेत खाल्लं नाही. घरी येऊन म्हटलं, "आई, डबा. रिकामा आहे असं सांगायला सांगितलंय."

आईने डबा घेतला आणि सवयीने हलवला. तो खुळखुळला.

"रिकामा डबा वाजतोय कसा?" म्हणून तिने उघडला. आत बघितलं. मग विचारलं, "यात अंडं असेल?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"विचारूही नकोस," आई म्हणाली. तिने एक तुकडा उचलला, इकडे तिकडे बघितलं आणि तोंडात टाकला. चावता चावता तिच्या कपाळावरची आठी गेली. "हे तर आपले शंकरपाळेच की गं. वळवलेले." आणि दुसरा घेतला.

त्यानंतर डब्यात चॉकलेटं कधी आली नाहीत, आंटींच्या हातचंच येऊ लागलं. केकसुद्धा आला, आणि आईने त्यात काय काय असेल ते मनात धरलं नाही. पाचसहा वर्षांनी, साखर मोकळी झाल्यावर, आंटी-अंकल ग्लेंडाला घेऊन विलायतेला निघाले. आईने मुठीएवढे लाडू वळले आणि बोटीत खायला म्हणून तोच डबा भरून दिला. डबा तिकडे गेला. ग्लेंडाची दोन पत्रं आली, मग थांबली. आई पुढे कितीतरी वर्षं डिसेंबर आला की म्हणायची, "पाळी त्यांची आहे." ती गेली तोपर्यंत तिची समजूत होती की त्या वर्षी चिवड्यालाच वास आला होता. मी तिला कधी सांगितलं नाही. ते आज इथे लिहिते आहे, तेही तुम्हाला.

तुम्ही लीड्सला गेल्यावर पहिला डबा आला, तेव्हा मी तो लगेच उघडला नाही. टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसून राहिले. आई असती तर म्हणाली असती, आला एकदाचा.

तर ईशान, हे तुझं उत्तर. पहिल्या डब्याचा व्यास एकवीस सेंटिमीटर, गेल्या वर्षीच्याचा अठरा. चॉकलेटांचे कागदही ठेवलेत, तेही लहान होत गेलेत. मीराचं मेणबत्तीचं म्हणणं मला पटतं. माप खरं आहे, दोनदा घेतलंय. कंपनीला पत्र लिहायचं तर माझं नाव घाल.

पण मोजताना दुसरंही एक लक्षात आलं आणि आठ दिवसांची ही अस्वस्थता बहुधा त्याचीच. नऊ डबे आले आणि नऊ माझ्याकडेच राहिले. मी धुतले, चिठ्ठ्या लावल्या, हिंग भरला. एकही परत पाठवला नाही. माझ्या आईच्या मुलीने.

बटणांचा डबा मी आज रिकामा केला. कमलताईंनी शंकरपाळे तळायला मदत केली. त्या म्हणाल्या, "एवढे बारीक का कापताय, आजी?" मी म्हटलं, डब्यात मावायला हवेत. उद्या त्या पोस्टात नेऊन देतील. खाऊन झाले की डबा परत पाठवा. तिकडची चॉकलेटं नको असतील तर घालू नका. लहान असली तरी चालतील, वाईट असली तरी चालतील.

रिकामा पाठवलात तरी चालेल.